स्वस्ताईचे दिवस : प्रस्तावना

महागाईला शिव्या घालायची आपल्याला इतकी सवय आहे, की स्वस्ताईनंही माणसं देशोधडीला लागतात हे चटकन पटत नाही. 1929 ते 1933 या काळात मात्र नेमकं तेच झालं. न्यूयॉर्कचा शेअरबाजार ऑक्टोबर 1929 मध्ये कोसळला ही तारीख सगळ्यांना पाठ असते. जगभर शेतमालाचे भाव त्याआधीच घसरणीला लागले होते, हे फारसं कुणी सांगत नाही. त्या काळी कलकत्त्याच्या घाऊक किमतींचा निर्देशांक जुलै 1914 ला 100 धरून काढत. 1929 मध्ये तो 141 होता, 1933 मध्ये 87 झाला. ही झाली सरासरी. ज्यावर शेतकऱ्याच्या हातात रोकड यायची त्या कापूस आणि भुईमुगाचे भाव निम्म्याच्या आसपास आले होते.

ज्वारी स्वस्त, गूळ स्वस्त, कापडही स्वस्त. मग रडायचं कशाला?

रडायचं ते साऱ्यासाठी. मुंबई इलाख्यात बहुतेक ठिकाणी रयतवारी पद्धत होती. शेतसारा रोखीत भरायचा, आणि त्याची आकारणी साधारण तीस वर्षांसाठी ठरलेली असायची. समजा एखाद्याचा सारा वीस रुपये आहे आणि तो भागवायला चार मण माल विकावा लागत होता. भाव निम्मा झाला की तोच सारा आठ मणांचा होतो. सरकारनं एक पैही वाढवलेली नसते, दप्तरात आकडा तोच असतो, तरी सारा दुप्पट झालेला असतो. सावकाराच्या व्याजाचं तेच आणि मुद्दलाचंही तेच. मुंबई इलाख्यातल्या शेतकऱ्यांवरचं कर्ज त्या सुमारास बँकिंग चौकशी समितीनं 81 कोटी रुपये धरलं होतं, साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानचं 900 कोटी. हे कर्ज भाव चढे असताना काढलेलं होतं आणि फेडायचं होतं पडत्या भावात.

या पुस्तकाला सांगायची गोष्ट ही एवढीच आहे, बाकी सगळा तिचा विस्तार. मंदीत घराची आवक आटते आणि देणं मात्र जागचं हलत नाही. एखादं घर किती गरीब आहे यापेक्षा त्याच्यावर रोखीचं, ठरल्या तारखेचं देणं किती आहे यावरून ते घर मंदीत कुठे जाऊन पोचणार हे अधिक नेमकं कळतं. म्हणून मंदीच्या तयारीचा विचार धान्याच्या कणगीपासून सुरू न करता मी तो देण्याच्या यादीपासून सुरू केला आहे.

रुपयाच्या दराचा वाद इथे उरकून टाकतो, कारण पुढे त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. 1927 च्या कायद्यानं रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्सला बांधला गेला. चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाचे एक सदस्य सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी अहवालाला भिन्नमतपत्रिका जोडून एक शिलिंग चार पेन्सचा आग्रह धरला होता. दर चढा ठेवला की निर्यातीच्या मालाला रुपयांत कमी पैसे मिळतात, आणि मंदीत हा दोन पेन्सचा फरक शेतकऱ्याच्या अंगावर आला. याच आयोगापुढे डॉ. आंबेडकरांचीही साक्ष झाली होती. परदेशी चलनाशी असलेला दर स्थिर राहण्यापेक्षा देशातली रुपयाची क्रयशक्ती स्थिर राहणं महत्त्वाचं, हे 1923 च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’मधलं त्यांचं म्हणणं. ते वाचून हा ग्रंथ केवळ चलनाच्या अभ्यासकांसाठी आहे असं म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. पैशाची किंमत हलली की कुणाचं घर बसतं, हाच त्यातला प्रश्न आहे.

हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 नंतर मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात शेअरांचं वेड पसरलं, बॅकबेच्या भरावाचे शेअर दर्शनी किमतीच्या कितीतरी पट चढले. 1865 मध्ये युद्ध संपलं आणि सगळं खाली आलं. शहरातल्या दिवाळखोरीच्या कथा आपण चवीनं सांगतो. देशावरच्या शेतकऱ्याकडे मात्र उरलं ते तेजीच्या भावावर काढलेलं कर्ज, आणि काही तालुक्यांत तेजीच्याच काळात वाढवून ठेवलेली सारा-आकारणी. दहा वर्षांनी, 12 मे 1875 रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोकांनी सावकारांची दप्तरं पेटवली. लोकांचा राग कागदावर होता. गहाणखत जळालं की देणं जळालं, हा हिशेब अडाण्याचा मुळीच नव्हता.

1931 मध्ये दप्तरं पेटली नाहीत. त्या वेळी घरातलं सोनं बाहेर आलं.

सप्टेंबर 1931 मध्ये ब्रिटननं सुवर्णमानाला सोडचिठ्ठी दिली. रुपया पौंडाला बांधलेला, त्यामुळे पौंडाबरोबर तोही सोन्याच्या मानानं उतरला आणि सोन्याचा भाव वर गेला. 1927 च्या कायद्यानं तोळ्याला 21 रुपये 3 आणे 10 पै हा भाव ठरवला होता, बाजार आता त्याच्या बराच पुढे गेला. इतर सगळ्या वस्तू मातीमोल झालेल्या असताना घरात एकच वस्तू अशी होती जिची किंमत वाढत होती, आणि ती बहुधा घरातल्या बाईच्या अंगावर होती.

सोनाराच्या दुकानातला तो व्यवहार नीट पाहण्यासारखा आहे. पाटल्यांची जोडी समोर येते. सोनार ती कसोटीवर घासतो, कस पाहतो. मग तराजू. बारा मासे म्हणजे एक तोळा, आठ गुंजा म्हणजे एक मासा, आणि शेवटचा काटा बसवायला काळ्या ठिपक्याच्या लाल गुंजा. पाटली आतून लाखेनं भरलेली असेल तर लाखेचं वजन वजा. डाग दिलेला असेल तर त्याची तूट वजा. करताना दिलेली घडणावळ तर कधीच गेली. जिन्नस मोडीत काढला की घरानं समजलेले पाच तोळे सोनाराच्या हिशेबी चाराच्या आसपास भरतात. तरीही त्या दिवशी हातात रोकड पडते आणि साऱ्याचा हप्ता भागतो. ‘दागिना विकला’ असं आपल्याकडे सहसा म्हणत नाहीत, ‘मोडला’ म्हणतात. विक्रीची बोलणी मात्र पुरुष करी, आणि पैसेही तोच मोजून घेई.

गावच्या सोनाराकडून तालुक्याच्या पेढीवर, तिथून मुंबईच्या झवेरी बाजारात, तिथून आगबोटीनं लंडनला. पहिल्या दोन वर्षांतच शंभर कोटी रुपयांहून अधिक किमतीचं सोनं देशाबाहेर गेलं. सरकारला ही निर्यात सोयीची होती, कारण लंडनची देणी तिच्यावर भागत होती. चढ्या भावाचा फायदा घेऊन लोक राजीखुशीनं विकत आहेत, असं सरकारी गोटातून सांगितलं जाई. विरोधकांच्या लेखी हे सगळं नाइलाजाचं सोनं होतं. मला वाटतं, दोन्ही बाजूंनी एक मधला माणूस नजरेआड केला. गहाण पडलेलं सोनं सावकाराच्या तिजोरीत होतं. कुळ व्याज देऊ शकत नव्हतं, आणि भाव तर चढलेला. असं सोनं विकणाऱ्या सावकाराला नाइलाज नव्हता, आणि ज्याचं सोनं होतं त्याची त्यात खुशी नव्हती.

इथे वाचकाला एक सावधगिरी सांगायला हवी. मंदीत सोनं तारतं ही आपल्या घराघरांतली पक्की समजूत आहे. 1931 मध्ये ते तारून गेलं, पण त्याचं कारण चलनाच्या निर्णयात होतं. सप्टेंबर 1931 पूर्वीच्या दोन वर्षांत धान्याचे भाव कोसळत होते तेव्हा सोन्याचा रुपयातला भाव हललेला नव्हता. तोपर्यंत ज्यांनी मोडलं ते साध्या भावातच मोडून बसले.

आता मुंबईकडे येऊ. गिरणगावात मंदी आली ती आधीच थकलेल्या घरांत. 1928 चा संप सहा महिने चालला होता, 1929 मध्ये पुन्हा संप. त्यात जपानी कापडाची स्पर्धा, इतकी की जून 1933 मध्ये ब्रिटिशेतर कापडावर 75 टक्के जकात बसवावी लागली. गिरण्या बंद पडू लागल्या, ज्या चालू होत्या त्यांनी महागाईचा भत्ता छाटला, एकेका विणकराकडे जास्त माग दिले. 1934 च्या एप्रिलमध्ये पुन्हा सार्वत्रिक संप झाला.

या घरांचा हिशेब समजून घ्यायचा तर पगाराची तारीख पाहावी. पगार महिन्याचा, आणि तो महिना संपल्यावर दहा-पंधरा दिवसांनी हातात पडे. एक तारखेला कामावर लागलेल्या माणसाला पहिला पैसा दिसायला दीड महिना जाई. तेवढे दिवस वाण्याची वही आणि खाणावळ. म्हणजे गिरणीतली नोकरीच उधारीनं सुरू होई, आणि एकदा मागे पडलेला तो दीड महिना बहुतेकांना पुढे कधीच भरून काढता येत नसे. उधारीनं भागलं नाही की पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाशी उभा असलेला पठाण, रुपयाला महिना एक आणा व्याजानं. एक आणा ऐकायला किरकोळ वाटतो. वर्षाचे होतात बारा आणे, म्हणजे शेकडा 75. पगार किती दिवसांत द्यायचा हे बांधून देणारा कायदा 1936 मध्ये आला : हजाराच्या आत कामगार असतील तर महिना संपल्यापासून सात दिवस, अधिक असतील तर दहा. कामगाराच्या घरात मंदीची तयारी म्हणून जे काही झालं असेल त्यात हा रुक्ष कायदा मी बराच वर ठेवीन. त्यानं पगार वाढवला नाही, उधारीचे दिवस कमी केले.

खाणावळवाल्या बायकांविषयी पुस्तकात मोठं प्रकरण आहे, तरी इथे दोन शब्द. दहा बाय बाराच्या खोलीत स्वतःचा संसार सांभाळून पंधरा-वीस गड्यांना दोन वेळ जेवू घालायचं आणि पैसे पगार झाल्यावर घ्यायचे. गिरणी बंद पडली की गड्याचा पगार थांबे, भूक थांबत नसे. वाण्याचं देणं मात्र बाईच्या नावावर. गिरणगावाचा प्रत्येक संप अशा बायकांच्या उधारीवर उभा राहिला आणि इतिहासात त्यांचं नाव लागलं ते फार उशिरा. 1973-74 च्या संपानंतर, 1975 मध्ये, प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं तेव्हा या बायकांना प्रथम बँकेचं कर्ज मिळू लागलं. त्याआधी संपाचा सगळा बोजा त्यांनी सावकारी व्याजानं वाहिला होता.

आणि गाव. 1934 मध्ये आणि पुढे 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपातही हजारो कामगार कोकणात, साताऱ्याला, कोल्हापूरकडे परतले. गावानं त्यांना सामावून घेतलं, कारण घर पुरतं मुंबईला आलेलंच नव्हतं. बायको गावी शेत कसत होती, दर महिन्याला मनीऑर्डर जात होती, भावकीतला हिस्सा जिवंत होता. ही सोय फुकट नव्हती. नवरा-बायकोनं सगळी उमेदीची वर्षं वेगवेगळी काढून तिची किंमत मोजलेली होती. ‘पूर्वी लोकांना गावचा आधार होता’ हे वाक्य आपण फार सहज उच्चारतो. तो आधार म्हणजे बहुतेक वेळा भातलावणीत वाकलेली एक एकटी बाई होती.

गावाबद्दलच्या अशाच आणखी एका गोड समजुतीशी मला भांडायचं आहे. बलुतं धान्यात मिळे, म्हणून सुतार-लोहाराला भावाच्या घसरणीची झळ कमी बसली, हे खरं. रोख मजुरीवर जगणाऱ्यापेक्षा सुगीला पेंढ्या मिळणारा माणूस 1931 मध्ये अन्नापुरता तरी सुरक्षित होता. पण याच बलुत्यानं माणसाला जातीच्या कामाशी आणि गावाच्या मर्जीशी बांधून ठेवलं होतं. 1928 मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं विधेयक आणलं ते हा दोर कापण्यासाठी. सुरक्षितता हवी म्हणून जुनं गाव परत आणू म्हणणाऱ्यांनी ते विधेयक आधी वाचावं.

मंदी सगळ्यांना सारखी भेटत नाही हेही इथेच सांगून ठेवतो. ज्याचा पगार किंवा पेन्शन ठरलेली, त्याला स्वस्ताई मानवली. 1931 च्या अखेरीस सरकारी नोकरांच्या पगारात 10 टक्के कपात झाली आणि त्यावर पुष्कळ ओरड झाली, पण बाजार त्याहून जास्त उतरलेला होता. मजुरी स्वस्त, सामान स्वस्त. मुंबईत मरीन ड्राइव्हच्या त्या देखण्या इमारती याच दशकात उभ्या राहिल्या, रिगल सिनेमा 1933 चा. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ 1932 चा, आणि पुढच्याच वर्षी कंपनी कोल्हापूर सोडून पुण्यात मोठ्या जागेत आली. साखरेला 1932 मध्ये संरक्षण मिळालं आणि देशातले तीसेक साखर कारखाने तीन-चार वर्षांत सव्वाशेच्या वर गेले, त्यात नगर-पुण्याकडच्या कालव्यांखालचेही. एका तालुक्यात जप्ती आणि शेजारच्या तालुक्यात बॉयलरचं पूजन, एकाच मोसमात. कर्जबाजारी शेतकऱ्याला दिलासा देणारा मुंबईचा कायदा मात्र 1939 मध्ये आला. दहा वर्षं उशीर झालेली मदत ही मदत असते का, यावर वाचकानं आपलं मत बनवावं.

पुस्तकाचा उत्तरार्ध आजच्या घरांबद्दल आहे. सोनं घ्यावं, जमीन घ्यावी की फंडात पैसे टाकावेत, हे त्यात सांगितलेलं नाही. तो सल्ला देणारे गल्लोगल्ली आहेत. साऱ्याच्या जागी आज घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, शाळेची फी आहे, एवढं ओळखलं की पुष्कळ झालं. कागद घ्यावा आणि महिन्याच्या खर्चाचे दोन भाग करावेत : जो आपण ठरवलं तर उद्या थांबतो तो, आणि जो आपण काहीही ठरवलं तरी थांबत नाही तो. हॉटेलातलं जेवण, सिनेमा, नवे कपडे यांवर आपण उगाच अपराधी वाटून घेतो. ते खर्च चैनीचे असतील, पण एका दिवसात बंद होतात. घर बुडतं ते दुसऱ्या भागानं, आणि त्या भागाला आपण ‘गुंतवणूक’ म्हणून कौतुकानं मिरवत असतो.

गिरणगावात दोघे भाऊ एकाच गिरणीत, एकाच खात्यात लागत, कारण कामावर घेणारा जॉबर ओळखीचा असे. गिरणी बंद झाली की दोन्ही पगार एकाच दिवशी बंद. हिंजवडीला नवरा-बायको एकाच धंद्यातल्या दोन कंपन्यांत, हप्ता दोघांच्या पगारावर काढलेला, आणि फ्लॅटही त्याच पट्ट्यात, ज्याची किंमत त्याच धंद्यावर अवलंबून. मांडणी जुनीच आहे. दोन पगार म्हणजे दोन आधार असं धरून चालण्याआधी ते एकाच फाटकातून येतात का, हे पाहायला हवं.

बँकेतल्या ठेवींवर थोडं विस्तारानं लिहिलं आहे, कारण त्याबाबत सुशिक्षित घरांतही अंधार असतो. 1960 मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, आणि त्या धक्क्यातून 1 जानेवारी 1962 पासून ठेवींना विमा आला, तेव्हा 1500 रुपयांचा. फेब्रुवारी 2020 पासून ही मर्यादा 5 लाख आहे. ती एका माणसाची एका बँकेतली, व्याज धरून, सगळ्या शाखा मिळून. एकाच बँकेच्या तीन शाखांत तीन ठेवी ठेवल्यानं संरक्षण तिप्पट होत नाही. पतसंस्थांतल्या ठेवींना तर हा विमा नाहीच, तो बँकांना आहे, सहकारी बँका त्यात आल्या. संस्थेचा अध्यक्ष ओळखीचा आहे, पाटीवर ‘सहकारी’ आहे आणि व्याज अर्धा टक्का जास्त आहे, या तीन कारणांवर निवृत्तीचा सगळा पैसा पतसंस्थेत ठेवणारी घरं महाराष्ट्रात थोडीथोडकी नाहीत.

शेवटचं प्रकरण सरकारनं करायच्या तयारीविषयी आहे. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात करून पाहिलेली आणि 1972 च्या दुष्काळात राज्यभर पसरलेली रोजगार हमी योजना 1977 च्या कायद्यानं हक्क बनली. तिच्यासाठी पैसा उभा करायला 1975 मध्ये व्यवसाय कर आला. पगाराच्या चिठ्ठीवर महिना 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात तो हा कर. अनेकांना तो का कापतात हे ठाऊक नसतं. शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या मजुराच्या कामाची हमी घ्यायची, ही कल्पना मला आजही धाडसी वाटते. उलट दिशेचं मात्र काहीच झालं नाही. गिरणी, कारखाना किंवा ऑफिस बंद पडून ज्याचं काम जातं त्या शहरातल्या माणसासाठी महाराष्ट्रात असा हक्क नाही. 2020 च्या टाळेबंदीत तो पायी गावाकडे निघाला, कारण मागता येईल असं काम फक्त तिकडेच होतं. असा हक्क शहराला द्यायचा तर त्याचा खर्च किती, तो कोणत्या करातून काढता येईल आणि त्याला विरोध कुठून होईल, याची मांडणी त्या प्रकरणात केली आहे. तिच्यातल्या आकडेमोडीशी वाचकांनी भांडावं, अशी माझी अपेक्षा आहे.